काकाच्या मुठीतला दोरा

माझ्या काकूनं तिच्या नवऱ्याला दोनदा पुरलं.

आज दुपारी आम्ही तिला पुरलं.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. बसवून समाधी देतात, विभूती आणि मीठ घालून. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात, त्याच्या दोऱ्यासकट.

हा दोरा लक्षात ठेवा. सगळी केस त्यावरच फिरली.

काकाचं परळीत किराणा दुकान होतं. कुणीतरी चोरीच्या तांब्याच्या तारेचं पोतं दुकानामागं टाकलं. पोलिसांनी काकाला उचललं, आणि तिसऱ्या दिवशी बॉडी दिली.

"फिट आली," म्हणाले.

बाप्या माणसांनी रडत रडत आंघोळ घातली, समाधी दिली. अंगावरचे वळ सगळ्यांनी पाहिले. बोललं कुणीच नाही. लई भ्यायलेली माणसं होती, त्यांना तरी काय बोलू!

मग कागद आला. त्यात फिट नव्हतीच. काकानं लॉकअपच्या गजाला, गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यानं फास घेतला म्हणे. दोरा जप्त, मुद्देमालात जमा.

मी तेव्हा बारावीला. काकूला वाचता येत नव्हतं, म्हणून तिचे कागद मीच वाचायची, अर्जही मीच लिहायची.

हा कागद मी वकिलाच्या ऑफिसात वाचून दाखवला. काकू म्हणाली, "त्यायच्यापाशी कोनता दोरा हाय बे? ह्यायचा दोरा तर ह्यायच्या मुठीत हाय. म्या सोता वळलेला."

बायकांना 'बे' म्हणत नाहीत आमच्याकडं. त्या दिवशी ती मलाच म्हणाली.

वकील खुर्चीतून उठलाच. "मावशी, समाधी उघडावी लागेल."

घरात भडका उडाला. मोठे आजोबा म्हणाले, "बसलेल्या मानसाला उठवायचं? लोक थुकतील तोंडावर."

"थुकू द्या. चोर म्हनून, फास घेतला म्हनून बसलेत ते तितं. मला न्हाई चालायचं."

त्याच आठवड्यात पोलीस ऑफिसातला एक साहेब घरी आला. गोड बोलला. आत्महत्या मान्य आहे एवढी सही करा, सरकारी मदत मिळवून देतो.

काकूनं त्याला चहा दिला. मग म्हणाली, "मदत नगं. भरपाई पायजे. मारलं म्हनून लिवून द्या, मग द्या."

तहसीलदार, डॉक्टर, पंच, सगळ्यांसमोर समाधी उघडली. बायकांनी थांबू नये म्हणाले. काकू हलली नाही.

विभूती-मिठात दोरा होता तसा होता. तिच्या हातची गाठ होती. डॉक्टरांनी मोडलेल्या फासळ्या लिहून घेतल्या.

पण लिंग आणि दोरा पुरावा झाले. पाकिटात घालून, सील करून नेले.

काकाला दुसऱ्यांदा मूठमाती दिली ती रिकाम्या हातानं.

काकू तोवर रडली नव्हती. तेव्हा मात्र तिनं हंबरडा फोडला. "रिकामं धाडलं गं म्या त्यायला!"

नंतर कित्येक वर्षं औरंगाबादच्या हायकोर्टाच्या तारखा. पहाटेची एसटी, मांजरसुंब्याला एका चहाचे दोन अर्धे कप. प्रत्येक वेळी वकिलाला तिचे दोन प्रश्न. भरपाईचं काय? आन् ते लिंग कधी देनार?

एकदा मी वैतागून म्हणाले, "काकू, ते जाऊ दे ना आता."

आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

शेवटी निकाल लागला. भरपाई मंजूर. वकील पेढे वाटत होता, आणि ही मला म्हणते, "ह्यात फाशी लिवलंय का?"

"नाही काकू. पोलिसांच्या मारहाणीनं मृत्यू, असं लिहिलंय."

"परत वाच."

तीनदा वाचलं. कोर्टाच्या पायरीवर बसून, मोठ्यानं.

त्या पैशानं तिनं दुकान पुन्हा उभं केलं. पाटीवर काकाचंच नाव.

लिंग मिळायला आणखी दीड वर्ष गेलं. आता परत समाधी उघडायची का, असं मोठ्या आजोबांनीच विचारलं. तेही बदलले होते.

काकू म्हणाली, "न्हाई. तिसऱ्यांदा न्हाई उठवायचं त्यायला. जाताना मीच घिऊन जाते."

तेव्हापासून ते देवघरात होतं. कोर्टाच्या त्याच पाकिटात, सीलच्या खुणांसकट.

आज तिच्या डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं. उजव्या हातात काकाचं, दोऱ्यासकट. विधी करणाऱ्या स्वामींनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच तिची बोटं मिटवली.

शेजारीच काका बसलेत.

काकू, त्यांचं त्यांना दे.

आणि आता बस निवांत. तारीख नाही कुठली.