आधी एक साधा

रविवारी सकाळी भिंगारजवळच्या फराहबागेत, जुन्या महालापाशी पोचलं की साळवे काका पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढत आणि झाकणावर हात ठेवून उभे राहत. डब्यात फडक्यांत गुंडाळलेल्या काचा असत. एकीतून उन्हाच्या तिरिपेचा तारा होई, एकीतून सगळं धुकट दिसे, एकीतून एका माणसाचे पाच चेहरे उमटत. मोबाईलवर बसतील असे चिमटे काकांनी स्वतः त्यांना जोडले होते. फोटोंची हौस असलेले आम्ही सात-आठ जण त्या काचांसाठीच जमत असू, पण झाकणावरचा हात काही हलत नसे.

"आधी एक साधा," ते म्हणत. "मंग करा काय चाळे करायचे ते."

साध्या फोटोत माणूस हवाच, हा दुसरा नियम. रिकामी कमान त्यांना चालत नसे. "कमान कुठं पळून जाती व्हय?" मग स्वतःच महालाच्या कमानीत जाऊन उभे राहत, टोपी काढून हातात धरत आणि सगळ्यांचं होईपर्यंत हसत. जन्मभर दुसऱ्यांना हसायला सांगितलेलं, त्यामुळे हसू किती वेळ टिकवायचं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

मी बँकेतून निवृत्त झालेला. नोकरीभर नियम पाळले, आता कोणाचे पाळायची इच्छा नव्हती. एकदा वैतागून म्हणालो, "काका, दर रविवारी तुमचाच फोटो. मोबाईल भरला माझा."

"भरू द्या की," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कारण सांगितलं.

त्यांचा भिंगारच्या बाजारात स्टुडिओ होता. पाच चेहऱ्यांची काच नवीनच आणलेली असताना खेड्यातलं एक जोडपं फोटोसाठी आलं. काकांनी हौसेनं दोघांना या बागेत आणलं. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तो त्यांनी त्या काचेतून नवऱ्याचा काढला. एका कागदावर पाच नवरे पाहून दोघं खूप हसली. वर्षाच्या आत ती बाई एकटीच आली. विहिरीच्या कामावर दरड कोसळून नवरा गेला होता, आणि घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता.

"मधलं तोंड तेवढं मोठं करून द्या, म्हनली. केलं. समदं फिस्कटलेलं. लई येळ बघत बसली. मंग म्हनली, ह्ये ते न्हाईत. फोटो तितंच ठिवला आन् गेली." काका हातातली काच पुसत होते. "तवापास्नं आधी साधा. मंगच काच."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण घरी गेल्यावर नेहमीप्रमाणे साधा फोटो पुसून टाकला आणि ताऱ्यांचे, पाच चेहऱ्यांचे ठेवले. जागा लागते ना.

यंदा उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा आमच्या ग्रुपवर मेसेज आला: "पप्पांचा आधार कार्डावरचा फोटो आहे, पण त्यात ते चिडल्यासारखे दिसतात. बागेत हसतात तसा कोणाकडे असेल तर द्या."

ग्रुपवर भराभर फोटो येऊ लागले. चेहऱ्यावर तारे झळकणारे काका, धुक्यातले काका, पाच-पाच काका. साधा एकही नव्हता. म्हणजे पुसणारा मी एकटाच नव्हतो, पण त्यानं काही बरं वाटलं नाही. माझ्याकडच्या पाच चेहऱ्यांतला मधला कापला, मोठा केला, जमेल तेवढा उजळला आणि तिला पाठवला.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "राहू द्या काका. हे पप्पा वाटत नाहीत."