ज्वारीच्या कोठीतली पिशवी

या पानावर असे अनुभव लिहिणाऱ्यांना कमेंटमध्ये सगळ्यात जास्त झोडपणारी मीच. भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी आजही मानत नाही. ‘मांत्रिक नको, डॉक्टर गाठा’ अशी पत्रकं मी परभणी जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत वाटते आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. तरीही जे झालं ते झालं. जसं झालं तसं लिहिते.

माझी मावशी सोनपेठला असते. तिला बरीच वर्षं मानसिक आजार आहे. कानात आवाज यायचे, घाणघाण बोलायचे. परभणीच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी ती सावरली — मूडसाठी लिथियम, आवाजांसाठी एक, झोपेसाठी एक. शिवाय बीपी आहे, त्याचे डॉक्टर गंगाखेडला. म्हणजे गोळ्यांच्या पिशव्या दोन, डॉक्टर दोन, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही! का? तर गंगाखेडच्या डॉक्टरांचा कंपाउंडर आमच्या भावकीतला. त्याला डोक्याच्या गोळ्या दिसल्या की गावभर होणार, आणि मावशीच्या प्रणिताचं लग्न जमत आलेलं. त्यामुळे ती पिशवी गंगाखेडला न्यायचीच नाही, असा घरचा कायदा. मी काकांशी यावरून भांडले, तर म्हणाले, “तुझं भाषण बाजारात कर.”

मध्यंतरी मावशीचं बीपी वाढलं. गंगाखेडच्या डॉक्टरांनी लघवी जास्त होणारी एक नवी गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. मावशी सांगितलेलं पाळणारी बाई. तिनं मीठ बंदच केलं. वरण अळणी, भाजी अळणी. त्यात उन्हाळा. काही आठवड्यांत तिचे हात इतके थरथरायला लागले की पेला धरवेना. उलट्या, जुलाब, जीभ जड. घरच्यांचा निकाल — ऊन बाधलं.

काका शेतात अडकलेले, म्हणून तिला गंगाखेडच्या दवाखान्यात न्यायला मी आदल्या संध्याकाळी तिथं गेले. सकाळी एसटी गाठायची होती. निघायच्या वेळी मावशी पुढच्या खोलीत खाटेवर पडून, प्रणिता कॉलेजला गेलेली. मी मागच्या स्वयंपाकघरात बाटलीत पाणी भरत होते. मागचं दार आतून कडी लावून बंद. टीव्ही बंद, मोबाइल माझ्या बॅगेत.

आणि अगदी माझ्या पाठीशी एक बाई बोलली. घाईनं नाही, भीती घालत नाही... धान्य निवडता निवडता कुणी सांगावं तसं.

“दुसरी पिशवी बी घे. ज्वारीच्या कोठीत हाय.”

मी सवयीनं “हो” म्हणाले आणि मग वळले. कुणी नव्हतं.

डोक्याच्या गोळ्या कपाटात, लुगड्यांखाली असतात हे मला ठाऊक होतं. आधी तिथंच पाहिलं. नव्हत्या. मग कोठीचं झाकण काढून ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला... प्लास्टिक लागलं.

गंगाखेडला कंपाउंडरच्या डोळ्यांदेखत मी दोन्ही पिशव्या टेबलावर ओतल्या. मावशीनं मान खाली घातली. डॉक्टरांनी लिथियमची पट्टी उचलली, मावशीचे हात पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. मीठ तोडलं, वर ती लघवीची गोळी, की लिथियम बाहेर पडत नाही, अंगात साचून विष होतं. त्यांनी तिथूनच परभणीला पाठवलं. रक्तात लेव्हल भलतीच वाढलेली निघाली. आणखी थोडे दिवस गेले असते तर मूत्रपिंडं गेली असती, कदाचित मावशीही.

मला संताप कशाचा आहे सांगू? आमच्या पत्रकावर ‘गोळ्या वेळेवर घ्या’ हे ठळक छापलंय. कुठली गोळी कुठलीशी भांडते ते कुणीच छापत नाही. बीपीचा डॉक्टर डोक्याचं विचारत नाही, डोक्याचा डॉक्टर मिठाचं विचारत नाही. माणूस एक, आणि लाजेपायी आपण त्याचे दोन तुकडे करून दोन गावांना पाठवतो.

आता त्या आवाजाचं. शेजारीण असेल? ती माहेरी गेली होती. मी पिशवी नकळत पाहिली असेन? मावशीनं ती लग्नाच्या बोलणीचे पाहुणे यायच्या आधी, मी पोचण्याच्या दोन दिवस अगोदर कोठीत दडवली होती. प्रणितालाही सांगितलं नव्हतं.

वॉर्डात तिची जीभ सुटल्यावर मी तिला हे सांगितलं. ती उशीला टेकून बसली आणि अगदी डॉक्टरसारखी विचारायला लागली.

“एकदाच आला का रोज यायलाय?”

“एकदाच.”

“शिव्या दिल्या?”

“नाही.”

“जीव दे म्हणला?”

“नाही गं मावशी.”

तिनं सलाईनची नळी बाजूला सारली. “माझ्या आवाजांनी इतक्या वर्षांत एक बी कामाची गोष्ट सांगितली न्हाई, सुजे. तुझा लय गुणाचा निघाला.” मग हसू आवरून म्हणाली, “पर लपवू नको. साहेबाला सांग.”

कंपाउंडरनं आपलं काम चोख केलं. लग्नाची बोलणी थांबली. प्रणिता म्हणते, सुटले. मावशी आता मीठ बेतानं खाते, लिथियमच्या जागी दुसरी गोळी आहे आणि दोन्ही पिशव्या दोन्हीकडे जातात.

मी साहेबांना, म्हणजे परभणीच्या मानसोपचारतज्ज्ञांना, सांगितलं. त्यांनी झोपेचं विचारलं, घरच्यांचं विचारलं, बरंच काही विचारलं. आजार नाही म्हणाले. मग काय होतं, मी विचारलं. पत्रकं वाटणाऱ्या मुलीला असल्या प्रश्नाचं चोख उत्तर लागतं.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

मलाही नाही.