नवे प्रसूतिगृह: अक्षरं सात, चिन्हं चौदा

पडदा वर जातो तेव्हा पाणीपुरवठ्याची पंपखोली दिसते. डावीकडे चार निळे पंप घरघरताहेत, उजवीकडे जुना संगणक, आणि मधोमध, सगळा उजेड आपल्यासाठीच सोडलाय अशा थाटात उभे असलेले अकरामास्तर. पंप चालू-बंद करणारा प्रोग्राम त्यांनी तीस वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिला. टाकीच्या नावाला त्यात अकरा चिन्हांपुरतीच जागा. जास्तीचं चिन्ह गुपचूप शेजारी शिरे, आणि शेजारी राहत असे पंप बंद करायची वेळ. म्हणून मास्तरांनी भिंतीवर पाटी लावली, ‘अकराच्या वर जाऊ नये.’ टोपणनाव त्यावरूनच पडलं. टेकडीवरची मोठी टाकी त्यांच्यापायी ‘टेकमोटा’ झाली, आणि आता सारं गाव त्या वस्तीला टेकमोटाच म्हणतं.

त्यांची सख्खी भाची याच खात्यात इंजिनियर. तिचा हट्ट होता, नवी भाषा घ्या, ती मर्यादेबाहेर पाऊलच टाकू देत नाही. मास्तरांचं उत्तर ठरलेलं: भाषेत खोट नाही, चुकतात ते नवखे. नाचता येईना अंगण वाकडं.

“मामा, तीस वर्षं आपण नाचणारेच बदलतोय,” ती म्हणाली. “एकदा अंगण सपाट करून बघू.”

भाषा बदलायची की नाही, यावर खात्याच्या समितीचा निर्णय सोमवारी होता. प्रोग्राम गेला तर मास्तरांना खात्यात कोण विचारणार? तेव्हा शुक्रवारी, जाणत्या हातून चूक होत नाही हे दाखवायला, प्रसूतिगृहावरच्या नव्या टाकीचं नाव त्यांनी स्वतः घातलं. रोमन अक्षरं जाऊन संगणकावर नुकतीच आपली लिपी आली होती. ‘नवे प्रसूतिगृह’. बोटांवर मोजलं, सात अक्षरं. ऐटीत बटण दाबलं.

यंत्र मात्र मात्रा, वेलांटी, जोडाक्षराची फोड, मधली मोकळी जागासुद्धा वेगळी मोजतं. चौदा झाली. तीन शेजारी घुसली, पंप थांबायचं विसरला, आणि प्रसूतिगृहाच्या जिन्यावरून धबधबा उतरला. बाळंतिणींच्या चपला तरंगत फाटकापर्यंत गेल्या. माणसं सुखरूप राहिली, हे नशीब.

भाचीने समितीसाठी अहवाल लिहिला: ‘नवख्या ऑपरेटरची चूक.’ तिला मामाची लाज राखायची होती. मास्तरांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. खाली सही ठोकली असती, तर अब्रूही वाचली असती आणि प्रोग्रामही. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

“खोड ते. मामा चुकला असं लिही. नवखा चुकला म्हटलंस तर ते नवखा बदलतील, भाषा नाही.”