सुलभाकाकूंची मागची शिल्लक

सुलभाकाकू कुठलाही हिशेब हातात आला की आधी विचारायच्या, "मागची शिल्लक कुठाय?" दुधाचं कार्ड असो नाहीतर देवळाच्या उत्सवाचा जमाखर्च. सगळी नोकरी सरकारी कचेरीत लोकांच्या पेन्शनी लावण्यात गेलेली. अकरा वर्षं अमेरिकेत काढून मी रत्नागिरीला परतलो, तेव्हा शेजारच्या या बाईंकडे जरा कीव करूनच बघायचो. मी संगणकवाला ना!

त्याचं झालं असं. तिकडे माझा पगार जास्त, म्हणून रॉथ नावाच्या करमुक्त निवृत्तिखात्यात मला थेट पैसे टाकता येत नव्हते. मग पुष्कळ जण करतात तेच मी केलं. कर भरून उरलेले पैसे साध्या निवृत्तिखात्यात टाकायचे आणि तिथून रॉथमध्ये सरकवायचे. मागच्या दारानं, पण कायदेशीर. अट एकच: कर आधीच भरलेली ही रक्कम, म्हणजे बेसिस, एका फॉर्मवर मांडून पुढच्या वर्षात न्यायची. तो फॉर्म माझा करसल्लागार दरवर्षी भरायचा. मी पडलो आळशी. सहा वर्षांचे पैसे साध्या खात्यातच पडून राहिले आणि परतायच्या वर्षी एकदम सरकवले. त्या वर्षी करसल्लागाराची फी वाचवायला फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यानं विचारलं, आधीची बेसिस किती? मी ऐटीत शून्य ठोकलं. मला वाटलं, शून्य लिहिलं की कर शून्य.

कर बसला सगळ्या रकमेवर. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. आईला सांगितलं, अमेरिकेचे नियम फार कडक असतात, ऑपरेशन पुढच्या वर्षी बघू. ती बिचारी 'बरं' म्हणाली आणि भिंत धरून आत गेली.

काकू तिथेच बसल्या होत्या. त्यांनी माझं विवरणपत्र मागितलं, ओळीओळीवर बोट ठेवून वाचलं, माझ्याकडून बेसिस म्हणजे काय ते समजून घेतलं आणि चष्मा काढला.

"मेल्या, 'यात माझं आधीचं कर भरलेलं काहीच नव्हतं', असं तू आपल्या हातानं लिहून दिलंस. एकाच पैशावर दोनदा कर भरलास आणि वर नियमांना नावं ठेवतोस?"

जुने कागद मागितले, तर ते मी येताना फेकून दिले होते. सामानाचं वजन जास्त होत होतं आणि नातेवाइकांसाठी घेतलेले बदाम टाकवेनात. काकूंनाही त्यातले पोचले होते. "चांगले होते," एवढंच म्हणाल्या.

जुन्या सल्लागाराकडून फॉर्मच्या प्रती मागवल्या, खात्याचे उतारे छापले. काकूंनी वहीत प्रत्येक वर्षाला एक पान दिलं. तिसऱ्या वर्षी फॉर्मवर भरणा होता, उताऱ्यात नव्हता. काकू शांतपणे म्हणाल्या, "मागच्या वर्षाचे पैसे एप्रिलात येतात, हे मी जन्मभर पाहिलंय. पुढच्या पानावर बघ." तिथे दोन भरणे होते, पहिला एप्रिलमधला. खात्यात झालेली थोडी वाढही बेसिसमध्ये घालूया का, असं मी हळूच सुचवलं, तर त्यांनी वही मिटली आणि मी चुकलो म्हणेपर्यंत उघडली नाही.

दुरुस्त विवरणपत्र गेलं. वाढीवरचा कर तेवढा राहिला, बाकीचे पैसे बऱ्याच महिन्यांनी परत आले. पेढे घेऊन गेलो तर म्हणाल्या, "मला कसले पेढे देतोस? आधी डॉक्टरांची तारीख घे."

ऑपरेशन नीट झालं. आई घरातल्या घरात फिरायला लागली त्याच आठवड्यात काकू दुपारच्या झोपेतच गेल्या.

दहाव्या दिवशी आई पहिल्यांदा घराबाहेर पडली. काकूंच्या घराच्या बारा पायऱ्या माझा हात न धरता चढली आणि वर पोचल्यावर काकूंच्या रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहिली.

"दोन वर्षं मला चढवत नाही म्हणून तीच खाली यायची रे," आई म्हणाली. "आज मी आले, तर ही नाही."