भूल दिलेल्या तोंडाने समुपदेशन

आमच्या धारवाडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचं मनोबल वाढवणारी एक समिती आहे. ती नेमली त्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून माझी निवड एकमताने झाली. समितीने एक वक्ते बोलावले. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून ‘मी सिंह आहे’ असं ओरडायला लावलं. दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मे सिंह गैरहजर.

समितीने माझ्याकडे सोपवलेल्या गटातली एक मुलगी तर कित्येक दिवस दिसली नव्हती. हुबळीत कमरीपेठेत तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान; बारावीपर्यंत शिक्षण कन्नडमधून. घरी फोन केला, तर वडील म्हणाले, ती रोज डबा घेऊन कॉलेजलाच जाते. मी काहीतरी थाप मारून फोन ठेवला आणि तिच्यासाठी एक जोरदार भाषण मनात तयार केलं.

पुढे हुबळीला दाढ काढून परतताना मला ती बसमध्येच सापडली. मी शेजारी बसले, तोंड उघडलं. गाल बधिर, दाढेत कापूस. शब्दाऐवजी लाळ आली. मी घाईने रुमाल लावला. तिला वाटलं, मी रडतेय.

“रडू नका मॅडम, सांगते,” ती म्हणाली.

ती रोज धारवाडपर्यंत यायची आणि पुढच्या बसने परत जायची. बसचा पास तिच्याकडे होताच. दिवसभर अशा फेऱ्या. कंडक्टर आता तिला अक्का म्हणू लागला होता. वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं, पण खरं दुखणं निराळंच होतं.

“अभ्यास जमेल हो. पण मधल्या सुट्टीत डबा कुणाजवळ बसून खायचा, तेच कळत नाही.”

माझ्या भाषणात डब्याचा मुद्दाच नव्हता. मी नुसती मान हलवली. कॉलेजपाशी ती माझ्याबरोबर उतरली.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयामागची रिकामी खोली उघडली आणि व्हरांड्यात एकेकटी उभ्याने जेवणारी आणखी तिघं तिच्याबरोबर तिथे आणून बसवली. पहिल्या दिवशी चौघंही दुखवट्याला आल्यासारखी जेवली. नंतर कुणीतरी कुणाच्या तरी आईच्या लोणच्याला नावं ठेवली, भांडण झालं आणि गाडी रुळावर आली. अकाउंट्सची गणितं अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये सुटू लागली. त्या सत्रात ती इंग्रजीत नापास झाली, पुढच्यात सुटली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. परवा मी त्या खोलीत पेपर तपासत बसले होते, तर तिने नव्या मुलांसाठी जागा हवी म्हणून मला बाहेर काढलं.