अक्कांचं लँडिंग

गोकुळ रोडवरच्या एका कारखान्याचं चार जणांचं छोटं विमान मी चालवते. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्या सकाळी ते थोरल्या बहिणीला, अक्कांना, घेऊन विमानतळावर आले. अक्का पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या.

निघण्याआधी लॉगबुक चाळताना माझी चूक लक्षात आली. प्रवासी बसवायचे तर गेल्या नव्वद दिवसांत वैमानिकाने स्वतः तीनदा विमान उडवून उतरवलेलं असावं लागतं. माझ्या नोंदी तीन भरत होत्या, पण त्यातल्या एका खेपेला चालवलं होतं दुसऱ्या वैमानिकाने. मी नुसती शेजारी बसले होते.

अण्णांना सांगितलं, तर ते भडकले. "अगं, इतकी वर्षं चालवतेस, आज विसरशील होय?"

"मोजायला विसरलेच ना?" मीही फटकारलं. खरा राग माझा मलाच आला होता.

रिकामं विमान घेऊन एक फेरी मारली आणि उतरले. चाकं जरा आपटलीच.

"चला, नियम पूर्ण झाला," मी म्हटलं.

अक्का खिडकीजवळच्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. "नियमाचं झालं गं. पण आपटलं की! अजून एक कर."

अण्णांनी कपाळावर हात मारला. मी परत विमान घेऊन वर गेले. या वेळी चाकं कधी टेकली ते मलाही कळलं नाही. परतले, तर अक्का पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या.

तेव्हापासून नियमापेक्षा एक लँडिंग मी नेहमी जास्त करते. ते अक्कांचं.