मामांच्या होडीला लावलेलं तेल

जावयाला रसायनशास्त्र येत असेल तर ते त्याने सासुरवाडीला कळू देऊ नये. मला तर ते येतही नव्हतं!

खनिज वाहणाऱ्या बार्जींची दुरुस्ती व्हायची, तिथल्या स्टोअरमध्ये मी सुर्ल्याला नोकरीला होतो. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता आणि मला जावयाचा. त्याचं नेमकं करायचं काय, हे आम्हा दोघांनाही उमगलं नव्हतं. अशात चवथीला सासुरवाडीला, चोपड्याला गेलो, तर मामा (म्हणजे सासरे) ओटीवर डोक्याला हात लावून बसलेले. होडीला भेग पडली होती. त्यांच्या घरचा गणपती आजवर त्यांच्याच होडीतून नदीत पोचायचा. दुसरी होडी होती शेजारच्या बाबलाची, आणि बाबलाशी एका माडापायी बोलणं बंद.

"बाबलाच्या होडयेत माझो गणपती? त्यापरास मी पोवत नेतलंय!" मामा गरजले.

माझ्या अंगात बार्ज संचारली. विसर्जनाच्या दोन दिवस आधीच्या संध्याकाळी मी सुर्ल्याहून, साहेबांना विचारून, दोन डबे घेऊन हजर!

"हे रेझिन, हा हार्डनर. दोन्ही सारखे घ्यायचे, घोटायचे, भेगेत भरायचे. एकेकटे जन्मभर चिकट राहतील, एकत्र आले की दगड!"

मामांनी दुसऱ्या डब्यात डोकावलं. आत काकवीसारखं दाट, तांबूस काहीतरी. (वास मात्र काकवीत बांगडा बुडाल्यासारखा.)

"ह्या कसला?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मामी चहा घेऊन आल्या होत्या, माझी बायको शालन दारात उभी होती. श्रोते जमले की माझी जीभ आवरत नाही!

"पॉलिअमाइड म्हणतात ह्याला, मामा. मूळचं हे तेलच. झाडांच्या तेलातली आम्लं घेऊन बनवतात. म्हणून तर ते ठिसूळ होत नाही, ओलीला घाबरत नाही. सगळा तेलाचा गुण!"

"तेलाचो गुण," मामांनी मान डोलावली. एवढ्या व्याख्यानातून त्यांनी तेवढंच घेतलं.

आता चोपड्यात रीत अशी, की होडी पाण्यात लोटण्याआधी तिला आतून-बाहेरून तेल चोळायचं. माशाचं, नाहीतर काजूच्या टरफलांचं. मी सकाळी सावकाश उठून भेग भरणार होतो. मामांनी त्याआधीच उठून, देवाला अभ्यंग घालावं तशा भक्तीने, हार्डनरचा अख्खा डबा होडीला चोळून संपवला!

मला जाग आली ती कोंबड्यांच्या आकांताने. एक कोंबडी होडीच्या काठाला चिकटली होती. दुसरी सुटली होती, पण पिसं ठेवून. मामांच्या हातात काथ्याचा बोळा होता आणि तो हात सोडायला तयार नव्हता.

"जावयबापू, तेल बरा आसा. पण सुकना मरे!"

"मामा, ते तेल नव्हे!"

"कालच तर तेल म्हणालंस!"

"मूळचं तेल म्हणालो!"

"मगे तूप मूळचा दूधच! दोनांय आमी खातवच मरे!"

मी धावत जाऊन डबे पाहिले. रेझिनचा डबा भरलेला, हार्डनरचा रिकामा, आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी. मग मला सुचलं: बादलीत भेट चुकली, तर दोघांची गाठ होडीवरच घालू! रेझिन वरून ओतलं आणि सगळं घर रगडायला बसलं. मामी काथ्याने, शालन करवंटीने, मी सूचनांनी. बाबला कुंपणापाशी आला. मामांशी बोलायचं नव्हतं, म्हणून त्याने माडाला विचारलं, "काय रे, होडयेक फोडणी घालतत?"

दुसऱ्या दिवशी होडी बाहेरून खणखणीत! मामांनी थाप मारली, तर आरतीला बडवतात त्या घुमटासारखी वाजली. आतला तळही चकचकत होता. ती चकाकी कसली, हे तपासावं असं मला वाटलं नाही. हार्डनर ओघळून तळाला मधोमध साचला होता आणि रेझिन तिथवर पुरलंच नव्हतं.

वाजतगाजत निघालो. होडीत मधोमध पाटावर गणपती, त्याला धरून मी, वल्ह्यावर मामा. थेंबभर पाणी आत आलं नाही! काठावर बाबलाचा चेहरा पडला. "मोरया!" म्हणत मामांनी मूर्ती उचलली, नदीला दिली, डोळे पुसले. सगळं यथासांग. आता पाटावर मूठभर रेती घालून पाट घरी न्यायचा असतो.

पाट हलेना.

"वायच उठ आणि ओढ," मामा म्हणाले.

मी उठायला गेलो. मीही हललो नाही.

होडी काठाला लागली. "पँट सोड आणि उतर!" मामांनी हुकूम सोडला.

काठावर मामी, शालन, अख्खी वाडी, आणि माझी जावई म्हणून ही पहिली चवथ!

"मेलो तरी नाही!" मी म्हणालो.

"अरे, पण पाट घराक जाऊक व्हयो!"

पाट होडी सोडीना, होडी मला सोडीना, मी पँट सोडीना. शेवटी माणसं जमली आणि मोरयाच्या गजरात होडी खांद्यावर चढली. सगळ्यात पुढचा खांदा बाबलाचा. (असली मजा तो माडापायी थोडाच सोडणार!) जाताना गणपती मिरवला होता, येताना मी. ताठ, मांडी घालून, शेजारी पाट!

वाटेत एका म्हातारीने सवयीने हात जोडले, मग माझं तोंड नीट निरखलं.

"मामानु, ह्येचा विसर्जन रवला काय?"

"करूक नेललंय गे बाये," मामा कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "पण ह्यो सुटलो तर मगे!"